उकिरड्याची साक्ष

ओढ्याच्या काठी वसलेल्या गावात नेमाण्णा नावाचा दुकानदार राहत असे. तो चपला विकत असे, पण चामड्याला हात लावत नसे.

त्याची बायको पद्मक्का जन्मभर अनवाणी चालली. जनावराचे कातडे पायात घालायचे नाही, असा तिचा नेम होता. उन्हाळ्यात तिच्या टाचांना भेगा पडत आणि नेमाण्णा त्यांना कोकमाचे तेल लावून देई. ती गेली तेव्हा घरात नेमाण्णा उरला आणि सावळी नावाची गाय उरली. सावळी वासरू असतानाच तिची आई गेली होती. पद्मक्काने तिला बाटलीने दूध पाजून वाढवले होते.

पुढच्या वर्षी नेमाण्णाने दुकान काढले. शहरातल्या एका कारखान्यात जनावराशिवाय चामडे बनते, असे त्याच्या कानावर आले होते. शहरातले लोक त्याला व्हेगन लेदर म्हणत. कारखान्याच्या माणसाने सांगितले की यात आंब्याच्या साली आहेत, केळीच्या सोपटाचा धागा आहे. नेमाण्णाने एक चप्पल नाकाशी धरली. तिला कसलाच वास नव्हता. त्याला फार बरे वाटले. यात आणखी काय आहे, हे त्याने विचारले नाही.

दुकानावर त्याने पाटी लावली, ‘झाडापासून बनवलेल्या चपला. येथे जीव दुखावत नाही.’ प्रत्येक चपलेच्या पट्ट्यावर एक लहानसे पान उमटवलेले असे. चपला हलक्या होत्या, रंगीत होत्या. गावाने त्या हौसेने पायात घातल्या. वर्षभरात त्यांचा वरचा पापुद्रा सुटे, मग पट्टा तुटे. लोक त्या टाकत आणि दुसऱ्या घेत.

ओढ्याच्या खालच्या अंगाला हौसाक्का राहत असे. तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या चपला होत. गावात कुणाचे जनावर मेले की ते तिच्याकडे येई. कच्च्या कातड्याचे टिकाऊ चामडे करणे, याला आपल्याकडे कमावणे म्हणतात. हौसाक्का आपल्या दोन खड्ड्यांतल्या पाण्यात बाभळीची साल आणि हिरडा टाकून त्यात कातडे चाळीस दिवस मुरवी. तिची चप्पल दहा वर्षे चाले. तळ झिजला तर ती नवा तळ शिवून देई, अंगठा तुटला तर नवा अंगठा बसवी.

बाजारात दोघांची गाठ पडली की बोलाचाली होई.

“अण्णा, तुमच्या झाडाची पानगळ लई लवकर होतीया,” सुटलेल्या पापुद्र्याकडे बघत हौसाक्का म्हणे.

“होऊ दे. माझ्या झाडाखाली कुणी मेलेलं नसतं,” नेमाण्णा म्हणे.

“माझ्याकडंबी मेल्यावरच आणत्यात. मी कुणाला मारत न्हाई.”

यावर नेमाण्णा हसून पुढे जाई. त्याला राग येत नसे, कारण आपण बरोबर आहोत याची त्याला खात्री होती.

हौसाक्काचे गिऱ्हाईक मात्र कमी होत गेले. चाळीस दिवस थांबायला कुणी तयार नव्हते. शेवटी तिने शहरातून निळ्या पुडीचे एक पोते आणले. तिसरा खड्डा खणून तिने त्यात ती पूड कालवली. त्या खड्ड्यात कातडे तीन दिवसांत तयार होई. आतून ते निळसर दिसे, म्हणून ती वर तांबडा रंग देई. वापरलेले पाणी मोरीतून ओढ्यात जाई. पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यातले मासे मेले. “ऊन लई पडलं,” असे हौसाक्काने लोकांना सांगितले. हळूहळू तिला स्वतःलाही ते खरे वाटू लागले.

त्या गावची एक जुनी रीत होती. चप्पल अगदीच संपली की ती उकिरड्यावर टाकायची. शेणात, पालापाचोळ्यात चामडे सावकाश कुजे आणि त्याचे खत होई. गावाचा उकिरडा एकच होता आणि मोठा होता. पेरणीआधी लोक वरवरचे खत गाड्यांत भरून नेत. तळ कुणी उकरत नसे.

नेमाण्णाच्या चपलाही लोकांनी तिथेच टाकल्या. कुणी त्यावर विचारसुद्धा केला नाही. चामडे जर कुजते, तर झाडाचे त्याहून लवकर कुजणार, हे उघडच होते. नेमाण्णानेही आपल्या दुकानातल्या खराब निघालेल्या चपला टोपली भरून उकिरड्यावर ओतल्या होत्या, आणि शेताला खत होईल म्हणून मनातून समाधान मानले होते.

दुकानाला चार वर्षे झाली. एके दिवशी सावळीने वैरण खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी पाणी सोडले. तिची डावी कूस फुगून ढोलासारखी ताठ झाली. नेमाण्णाने गुळाचा खडा तिच्या तोंडाशी धरला. तिने मान वळवली.

तालुक्याहून जनावरांच्या डॉक्टर मुल्लाबाई आल्या. त्यांनी सावळीच्या कुशीवर हात ठेवला, कान लावला आणि सांगितले, “पोट उघडावं लागेल. आत काहीतरी अडकलंय.”

“वाचेल का?”

“उघडल्याशिवाय नाही सांगता येणार, काका. तुम्ही तिच्या तोंडाशी उभे राहा. तुमचा आवाज ओळखीचा आहे तिला.”

नेमाण्णा सावळीचे शिंग धरून उभा राहिला आणि तिच्याशी काहीबाही बोलत राहिला. डॉक्टरबाईंनी कूस बधिर करून चीर दिली, कोपरापर्यंत हात घातला आणि आतले बाहेर काढायला सुरुवात केली. काळपट, चिकट गुंतावळा होता. एक बादली भरली. गोठ्याच्या दाराशी शेजारपाजारचे लोक जमले होते.

“चपलांचे तुकडे दिसतायत,” डॉक्टरबाई टाके घालत म्हणाल्या. “उकिरड्यावरचे, घामानं खारट झालेले पट्टे जनावरं चघळतात. आता दोन दिवस बघायचं. रवंथ सुरू झाला तर गाय जगली समजा. नाही झाला तर मला फोन करा.” हात धुऊन त्या पुढच्या गावी गेल्या.

दाराशी उभ्या असलेल्या लोकांना एवढे पुरे होते. शेजारचा श्रीपती म्हणाला, “चपला म्हणजे चामडं, आणि चामडं म्हणजे हौसाक्का. अण्णाच्या चपला तर झाडाच्या हायत. त्या पोटात गेल्या तरी पाल्यागत विरघळतील.” हे सगळ्यांना पटले.

लोक गेल्यावर नेमाण्णाने बादली परसात नेली आणि तुकडे पाण्याखाली धरले. मळ निघाला तसा तांबूस रंग वर आला. एका पट्ट्यावर पान होते. दुसऱ्यावरही होते. तिसरा तुकडा पातळ पापुद्र्याचा होता, त्यावर अर्धे पान होते. नेमाण्णाने तो बोटांनी ताणून पाहिला. तो फाटला नाही.

नेमाण्णाने परसात नजर फिरवली. पाहणारे कुणी नव्हते. परसात खड्डा काढून बादली उपडी केली असती तर पुन्हा कुणाला काही कळले नसते.

तेवढ्यात कुंपणापलीकडून श्रीपतीने हाक दिली. “अण्णा, तुम्ही गाईपाशी बसा. बाकीचं आमच्यावर सोडा. उद्या सकाळी आम्ही तिचे खड्डे बुजवून टाकतो. पुन्हा कुणाच्या गाईवर ही पाळी नको.”

नेमाण्णा हो म्हणाला नाही. पण नाही म्हणायचेही राहून गेले.

सकाळी सावळी उभी होती, पण तिचे तोंड हलत नव्हते. नेमाण्णाने तिच्या पाठीवर हात ठेवला. कातडी थरथरली. रस्त्याने फावडी घेतलेली माणसे जाताना त्याला दिसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला वाटले की पद्मक्का इथे नाही हे बरे आहे. असे आपल्याला वाटावे, याचीच त्याला लाज वाटली. त्याने बादली उचलली आणि तो निघाला.

ओढ्याकाठी हौसाक्का सालीच्या खड्ड्याच्या कडेला पाय आत सोडून बसली होती. समोर दहाबारा माणसे उभी होती.

“बाजूला हो, अक्का,” श्रीपती म्हणत होता.

“बुजवा की. पर आधी मला आत घ्या. माझ्याबिगर त्येला ढवळणार कोण?”

“उगं तमाशा करू नकोस. अण्णाची गाय मरायला टेकलीया.”

“ती गाय मी तिच्या जन्मापासनं बघतीया, श्रीपती. तिचं कातडं माझ्याकडं यावं असं मला वाटत आसंल, व्हय?”

नेमाण्णाने पुढे येऊन बादली सगळ्यांच्या पायांशी उपडी केली. एक पट्टा उचलून त्याने श्रीपतीच्या हातात दिला.

“हे पान कुणाच्या दुकानाचं?”

श्रीपतीने पट्टा उलटसुलट करून पाहिला. “तुमच्या.”

“मग फावडं माझ्या दारात घेऊन चल. हे मला काल दुपारीच कळलं होतं. तू हाक दिलीस तेव्हा मी गप्प बसलो.”

लोकांनी खाली वाकून तुकडे पाहिले. मग मागून एक जण म्हणाला, “पण अण्णा, ते तर झाडाचं. झाडाचं असून राहिलं कसं?”

“मलाही तेच कळायचंय. उकिरडा उकरू या. तळापर्यंत.”

फावडी घेऊन आलेली माणसे तशीच उकिरड्याकडे वळली. हौसाक्काही त्यांच्यामागे गेली. वरचा थर शेणाचा होता. त्याखाली नेमाण्णाच्या चपला निघू लागल्या. दोन वर्षांपूर्वीच्या निघाल्या, चार वर्षांपूर्वीच्या निघाल्या. काहींचे रंग उडाले होते, पण पाने जशीच्या तशी होती. त्यांचे पापुद्रे खताच्या ढेकळाढेकळांत मिसळले होते. वेगळे काढू म्हटले तरी निघत नव्हते.

अगदी तळाशी काळीभोर, भुसभुशीत माती लागली. तिथे जुन्या चामड्याचा नुसता भुगा होता. बोटात धरला की तो मातीत मिसळे.

गावातले म्हातारे रावळूआबा काठी टेकून हे सगळे बघत होते. ते म्हणाले, “माझी जुनी चप्पल बघा रं सापडती का. सात वर्षं झाली टाकून.”

“ती तुम्ही गेल्या साली भाकरीतनं खाल्ली, आबा,” श्रीपती म्हणाला. “ह्या खतावरच आला की तुमचा जोंधळा.”

लोक हसले. नेमाण्णालाही हसू आले. मग तो म्हणाला, “आंब्याची साल होती ती कधीच कुजली असेल. सालीला धरून ठेवणारं जे काही होतं ते प्लास्टिक असणार. तेच राहिलं. मी चप्पल घेताना वास घेतला, पण विचारलं नाही.”

आता हौसाक्काला कुणी काही बोलणार नव्हते. तिचे खड्डे वाचले होते. लोक फावडी झाडून परतायला लागले होते.

हौसाक्का खाली वाकली. तिने ढिगातून एक तुकडा उचलला आणि पदराने पुसला. तो कडक होता आणि कडेने निळसर दिसत होता.

“ते कापड आसंल, अक्का. टाक,” श्रीपती म्हणाला.

“कापड न्हाई. माझं कातडं हाय.” तिने तो तुकडा सगळ्यांना दिसेल असा वर धरला. “दोन वर्षं झाली. कुजाय पाहिजे होतं, न्हाई कुजलं. हे सालीत कमावलेलं न्हाई, निळ्या पुडीतलं हाय. आन् वड्यातलं मासं उन्हानं मेलं असं मीच सांगितलं हुतं. उन्हानं न्हाई मेलं. माझ्या मोरीच्या पाण्यानं मेलं.”

एवढे बोलून ती उकिरड्याच्या कडेच्या दगडावर बसली. भारा उतरवून ठेवल्यावर मान जशी आपोआप सरळ होते, तशी तिची मान सरळ झाली.

श्रीपतीने फावड्याकडे पाहिले. “मग आता निळा खड्डा तेवढा बुजवू या.”

“तो न्हाई बुजवायचा,” हौसाक्का म्हणाली. “बुजवला तर ते पाणी जमिनीत उतरंल आन् हिरीला लागंल. पिपात भरून जिथनं पूड आली तिथं परत न्यायचं. मोरी तेवढी आजच बंद करू.”

मग चारपाच जण ओढ्याकडे गेले. दगड आणि चिकणमाती घालून त्यांनी निळ्या खड्ड्याची मोरी बंद केली. सकाळी खड्डे बुजवायला निघालेल्या श्रीपतीने सर्वांत जास्त माती वाहिली.

काम संपल्यावर तो घाम पुसत म्हणाला, “ह्याचंबी चुकलं, त्येचंबी चुकलं. मग आम्ही पायात घालायचं तरी काय?”

“आधी पायात हाय ती शिवून घे,” रावळूआबा म्हणाले. “वरसाला नवी लागती कशाला तुला? तू काय शंभर पायांचा हायस?”

“आबांचं खरं हाय,” हौसाक्का म्हणाली. “गावात वरसाला मरत्यात चारपाच जनावरं. तेवढ्यात सगळ्या गावाच्या चपला होत न्हाईत. आन् शहरातनं कातडं मागवावं, तर तिकडं जनावर मुद्दाम मारत्यात. माझं चामडं चांगलं, पण लई थोडं हाय. मला पुरवून वापराय लागंल. तुम्हाला थांबाय लागंल.”

“मी चामडं विकणार नाही,” नेमाण्णा म्हणाला. “तो माझ्या घरचा नेम आहे. पण माझ्या चपला झाडाच्या आहेत असंही यापुढे म्हणणार नाही. त्यात जनावर नाही, प्लास्टिक आहे, असं सांगेन. मग ज्याला घ्यायची तो घेईल. पट्टा तुटला तर अक्काकडून शिवून घ्या.” तो हौसाक्काकडे वळला. “शिवशील ना, अक्का?”

“शिवीन. पर दोऱ्यानं. माझी चामड्याची वादी तुमच्या पानाला चालायची न्हाई.”

“दोऱ्यानंच शीव. आणि चप्पल अगदीच संपली तर उकिरड्यावर टाकू नका, माझ्या दुकानात आणून द्या. मी कारखान्याला परत पाठवीन. त्यांनी घेतल्या नाहीत तर माझ्याच माडीवर पडून राहतील. गाईच्या पोटात तरी जाणार नाहीत.”

दुपारी नेमाण्णाने स्वतःच्या हाताने दुकानाची पाटी उतरवली. नवी पाटी लिहायला त्याला बराच वेळ लागला, कारण खरे तेवढेच लिहायचे म्हटले की शब्द मोजकेच सापडतात. त्याने लिहिले, ‘जनावराविना केलेल्या चपला. प्लास्टिक आहे. जपून वापरा, जुन्या परत आणा.’ दोन गिऱ्हाइके ती वाचून तशीच परत गेली. नेमाण्णाला वाईट वाटले. पण आता काही लपवायचे उरलेले नाही, हेही त्याच्या ध्यानात आले. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

सावळीने मात्र काही खाल्ले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी हौसाक्का गोठ्याच्या दाराशी आली. हातात हिरव्या हरळीची एक जुडी होती. ती दारातच थांबली. कातडे काढणाऱ्या बाईने आजारी गाईपाशी येऊ नये, असे लोक मानत, आणि ते तिला ठाऊक होते.

“आत ये, अक्का,” नेमाण्णा म्हणाला. “तुला बघून ती मरायची नाही. मरायची असती तर माझ्यामुळे कालच मेली असती.”

हौसाक्का आत आली. तिने हरळी सावळीच्या तोंडाशी धरली. सावळीने वास घेतला. एक काडी ओढली, चावली. मग आणखी दोन काड्या घेतल्या. मग ती थांबली. सावळी हळूच, टाके सांभाळत खाली बसली. तिच्या मानेतून एक गोळा खालून वर सरकताना दिसला. आणि तिचा खालचा जबडा आडवा हलू लागला, एका लयीत, घाई न करता.

“अण्णा,” हौसाक्का हळू आवाजात म्हणाली, “बघताय न्हवं?”

नेमाण्णाने मान हलवली आणि तो तिथेच जमिनीवर बसला. हौसाक्काही उंबऱ्याला पाठ टेकून बसली. बाहेर उन्हे चढत होती, दुकान उघडायची वेळ होऊन गेली होती. दोघांनाही उठावेसे वाटले नाही. गाय रवंथ करत होती, आणि तो आवाज ऐकत ती दोघे बसून राहिली.

तात्पर्य: एखाद्या वस्तूला चांगले नाव दिले म्हणून ती चांगली होत नाही. ती कशाची केली आहे, किती दिवस टिकते आणि संपल्यावर कुठे जाते, हे विचारावे. आणि आधी स्वतःच्या वस्तूबद्दल विचारावे, म्हणजे दुसऱ्यालाही खरे बोलण्याचा धीर येतो.